उताऱ्यात असेल तेवढंच

तिला वकीलबाई म्हणायचे ते अगदी फ्रॉकच्या वयापासून. धाकट्या भावाने काच फोडली की ही पुढे व्हायची आणि वडिलांसमोर त्याची बाजू मांडायची: काच आधीच तडकलेली होती, वारा जोराचा होता, आणि मुळात ती खिडकीच चुकीच्या जागी आहे. भाऊ सुटायचा आणि तोंड जास्त चालतं म्हणून धपाटे हिला बसायचे. "तोंड चालतं म्हणून कोणी वकील होत नाही," असं म्हणून वडिलांनी शाळा संपल्यासंपल्या तिला टायपिंगच्या वर्गाला घातलं. पुढे वडील गेले. धपाटे ती विसरली, पण ते वाक्य काही विसरली नाही. चाळिशी उलटून गेली तरी भांडी घासता घासता ती त्या वाक्याला मोठमोठ्याने उत्तर द्यायची आणि नवरा बाहेरून विचारायचा, "कोण आलंय गं?"

नोकरी मात्र तिला तोंडाच्या जोरावर नाही, कानाच्या जोरावर मिळाली. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात. विभाग म्हणजे काय, एक खोली, दोन टेबलं, दोन फोन आणि समोरच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी. एका टेबलावर ही आणि दुसऱ्यावर एक तरुण शेजारीण. वकीलबाईचा उजवा पाय टेबलाखाली सदा हलत असायचा, इतका की वरच्या पेल्यातली पेनं वाजायची. शेजारणीने एकदा वैतागून टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. पण दोष टेबलात असता तर ना! बाईचं बूडच स्थिर नव्हतं. फोन कानाला लावून ती उभी राहायची, वायर पुरेल तेवढी चालायची, परत बसायची.

तिचं एक ठाम मत होतं. माणसं ताकाला येतात आणि भांडं लपवतात. "लिफ्टचं दार हळू लागतं" असं कोणी ओरडलं, की ही दारावर विश्वास ठेवायचीच नाही. ही विचारायची, "घरी सगळं बरं आहे ना?" मग तिकडची बाई हळूच सांगायची, की समोरच्या घरातली मुद्दाम दार अडवून धरते आणि दोघींचं दोन वर्षं बोलणं नाही. "लिफ्टमधला दिवा मंद आहे" म्हणणारी आई खरं तर मुलगी अंधार पडल्यावर परतते म्हणून घाबरलेली असायची. ही बरोबर ताडायची. अहो, चुकली असती तर बरं झालं असतं, वेळीच शहाणी तरी झाली असती. बऱ्याचदा बरोबर यायची, तीच तर पंचाईत.

तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे आठवा मजला. नाव कागदावर होतं, पण खोलीत सगळे आठवा मजलाच म्हणत. आवाज वयस्कर, स्वच्छ आणि तुटक. दुपारची वेळ झाली की फोन यायचा. "लिफ्टचा आवाज येतोय. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये. बारीक, किरकिरा." मिस्त्री जायचा, बघायचा, तेल घालायचा, चहा पिऊन यायचा आणि सांगायचा, "आवाजबिवाज काही नाही." वकीलबाईने केव्हाच निदान करून टाकलं होतं. "अगं, म्हातारा एकटा आहे. आवाज लिफ्टचा नाही, घरातल्या शांततेचा आहे," असं तिने शेजारणीला सांगितलं, आणि शेजारणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हापासून ही त्या फोनवर पाच मिनिटं जास्त बोलायची. जेवलात का, गुडघा कसा आहे, बाहेर पडलात का. तेही सांगायचे. परीक्षेचंही त्यांना ठाऊक होतं.

परीक्षा म्हणजे वकिलीच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा. नोकरी करणाऱ्यांसाठी गावात एकच कॉलेज संध्याकाळचे वर्ग चालवायचं. वकीलबाई दोनदा बसली, दोनदा आपटली. कायद्याची आणि तर्काची कोडी ती पटापट सोडवायची, सामान्यज्ञान बरं होतं, गणितात कसंबसं तरायची. बुडायची ती उताऱ्यांत. उतारा वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्या, चार पर्यायांतला एक निवडा, चुकलात तर मिळवलेल्यातले गुण कापले जाणार. आणि आता कॉलेजने जाहीर केलं होतं, की संध्याकाळच्या वर्गाची यंदाची तुकडी शेवटची. पुढच्या वर्षापासून फक्त दिवसा. दिवसा कॉलेज म्हणजे नोकरी सोडा, आणि नोकरी सोडणं तिला परवडणारं नव्हतं. म्हणजे यंदा किंवा कधीच नाही.

शिकवणी घरचीच होती. एकुलती एक मुलगी आदल्या वर्षी हीच परीक्षा पहिल्या फटक्यात पास होऊन दिवसाच्या कॉलेजात गेली होती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई म्हणायची, पण अभिमानाने म्हणायची. मुलगी जेवणाच्या टेबलावर सराव परीक्षांचा गठ्ठा आपटायची आणि मास्तरणीसारखी पेन्सिल कानावर अडकवायची.

"हं, वाच. रस्ता रुंद करायला झाडं तोडली, त्यावरचा उतारा. प्रश्न, लेखकाचं मत काय?"

वकीलबाई वाचायची, उठायची, खिडकीपर्यंत जाऊन यायची. "ड. लेखकाला झाडं तोडणं मनातून पटलेलं नाही."

"आई! तो स्वच्छ लिहितोय, 'हा निर्णय आवश्यक होता.'"

"लिहितोय गं. पण 'अर्थात' किती वेळा आलंय बघ. मन खातंय बिचाऱ्याचं. वरच्यांनी लिहायला लावलंय त्याला."

"कोणी लावलंय? कुठे लिहिलंय?"

"असं कोणी लिहून देतं का?"

मुलगी कपाळावर हात मारून घ्यायची. मधमाश्यांच्या उताऱ्यात हिने लेखकाला बायको सोडून गेलेली शोधून काढली होती. मिठाच्या व्यापारावरचा उतारा लिहिणारा माणूस आजारी आहे, असं तिचं म्हणणं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मुलीने जाड अक्षरात एक पाटी लिहून फ्रिजवर चिकटवली: 'उताऱ्यात असेल तेवढंच.' दूध काढायला गेलं तरी पाटी, पाणी प्यायला गेलं तरी पाटी.

नवरा हे सगळं मागच्या खोलीतून ऐकायचा. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर गुलाबी मेणात एकेक दात बसवत राहायचा आणि बोलायचा अगदी मोजकं. एकदा तो हातातली कवळी तशीच घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "ती सुतावरून स्वर्ग गाठते गं. मी म्हणतो चहा गार झालाय. ती म्हणते, माझ्या आईवर रागावलात ना? अगं, चहा गार झालाय!"

"रागावला होतात की नाही?" वकीलबाईने विचारलं.

"होतो," नवरा म्हणाला. "पण चहाही गार होता."

हसू नका. त्या वाक्याने बाईला लागलं. तिला वाटलं, आपण आयुष्यभर लोकांचे चहा तसेच गार ठेवले. मग ती हट्टाला पेटली. उतारा समोर आला की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची आणि स्वतःला बजावायची, आत शिरायचं नाही, उंबऱ्यावरून बघायचं. पाय हलायचा, घाम यायचा, पण उत्तरं बरोबर यायला लागली. मुलगी आश्चर्याने बघायची. वकीलबाईला मात्र आतून कसंसंच व्हायचं, घट्ट चप्पल घालून चालल्यासारखं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला. आठवा मजला.

"आज लिफ्टचा आवाज येत नाहीये," ते म्हणाले.

वकीलबाईचं तोंड उघडलं होतं. गुडघा, जेवण, सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिला फ्रिजवरची पाटी आठवली. उताऱ्यात काय आहे? आवाज येत नाही.

"मग आज तक्रार नाही ना?" तिने विचारलं.

पलीकडे जरा वेळ कोणी बोललं नाही. मग आवाज आला, "नाही... तसं काही नाही."

"ठीक आहे. धन्यवाद," म्हणून तिने फोन ठेवला. शेजारीण तिच्याकडे बघतच राहिली. घरी गेल्यावर वकीलबाईने मुलीला सांगितलं, "आज मी उताऱ्याबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही." मुलीने टाळ्या वाजवल्या.

परीक्षा एका शाळेत होती. बाकं लहान मुलांची, गुडघे वर टेकत होते. फोन दारातल्या पेटीत जमा केले होते. पर्यवेक्षिकाबाईंनी नियम वाचून दाखवले, त्यातला एक असा, की अर्धा वेळ झाल्यावर कोणी पेपर देऊन जाऊ शकतं, पण गेलेल्याला परत आत घेणार नाहीत. वकीलबाईने उतारे बाजूला ठेवून आधी बाकीचे विभाग उरकले. मग उताऱ्यांकडे वळली. पहिला उतारा विहिरींच्या पाण्यावर. सरळ गेला. दुसरा, तिसरा, तेही सरळ. इतकं सरळ तिला आयुष्यात कधी गेलं नव्हतं. घड्याळात वेळ भरपूर होता आणि एकच उतारा उरला होता. झालो की आपण वकील, असं तिच्या मनात येऊन गेलं.

चौथ्या उताऱ्याची पहिली ओळ होती: 'वर्षानुवर्षे संध्याकाळी गावाची घंटा वाजवणारा एक म्हातारा होता. एके दिवशी घंटा वाजली नाही.'

तिने पुढे वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं दिसत होती, पण डोक्यात शिरत नव्हती. वर्षानुवर्षे फोन करणारा एक म्हातारा होता. एके दिवशी आवाज आला नाही. आणि तू काय म्हणालीस? तक्रार नाही ना? ते जरा वेळ गप्प राहिले होते. तसं काही नाही, म्हणाले होते. "तसं" काही नाही! मग कसं होतं? निरोप घ्यायला तर फोन केला नसेल?

आता तिच्या डोक्यात दोन वकील उभे राहिले. एक म्हणाला, अर्धाच तास उरलाय, पेपर संपव आणि मग फोन कर, अर्ध्या तासात काय होणार आहे? दुसरा म्हणाला, अर्ध्या तासात काय काय होतं ते लिफ्टवाल्यांना विचार. पहिला म्हणाला, ही शेवटची संधी आहे, वडील वरून बघून हसतील. दुसऱ्याने त्यावर काहीच युक्तिवाद केला नाही. तो नुसता सारखा विचारत राहिला, ते आत्ता कसे असतील? पाय इतका हलायला लागला की पुढच्या बाकावरच्या मुलीने वळून पाहिलं.

वकीलबाई उठली आणि पेपर दिला. "मॅडम, एक उतारा कोरा आहे," पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या. "असू दे," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला रडू येत होतं.

दारातून फोन घेऊन तिने नंबर लावला. तो तिला पाठच होता. घंटी वाजत राहिली, कोणी उचललं नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग मात्र बाईचे पाय भुईला ठरेनात. रिक्षा मिळेपर्यंत ती रस्त्याने पळत सुटली, आणि रिक्षा मिळाल्यावर पुढे सरकून चालकाच्या कानाशी बसली. पत्ता कंपनीच्या कागदांवर इतक्यांदा लिहिला होता, की त्या इमारतीत पूर्वी कधी न जाताही तिला लिफ्ट कुठल्या बाजूला असेल ते माहीत होतं. ती आत शिरली, लिफ्टचं बटण दाबलं, परत दाबलं, परत दाबलं.

दार उघडलं. आत एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ उभे होते. अर्ध्या गालाला दाढीचा साबण, खांद्यावर टॉवेल, आणि कान लिफ्टच्या भिंतीला लावलेला.

"वर जायचंय का? या, या," ते म्हणाले. "मी नुसताच फिरतोय."

आवाज स्वच्छ आणि तुटक होता.

"आठवा मजला?" वकीलबाईच्या तोंडून निघालं.

त्यांनी कान भिंतीवरून काढला. "तक्रार विभाग?"

आणि मग ती लिफ्टमध्ये शिरली, भिंतीला टेकली आणि तिने चक्क भोकाड पसरलं. ते बिचारे गडबडले. दार लागलं, लिफ्ट वर निघाली.

"अहो, झालं काय?" त्यांनी विचारलं.

"फोन का नाही उचललात? मला वाटलं, तुम्हाला काहीतरी... काल तुम्ही असं का म्हणालात, आवाज येत नाही म्हणून?"

"कारण आवाज येत नव्हता!" ते म्हणाले. "तीन वर्षं डोकं फोडतोय मी. शेवटी परवा तुमचा नवा मिस्त्री आला, त्याने खाली उतरून पाहिलं. एक रबराचा तुकडा झिजला होता, तो बदलला. थांबा, बोलू नका. सहावा गेला... ऐका... सातवा. काही ऐकू आलं?"

"नाही."

"बघा! सकाळपासून दहा चकरा मारल्या असतील. दाढी अर्धी टाकून आलोय, फोन वर वाजत राहिला असेल, बहीण बाजारात गेलीय. अहो, मी जन्मभर पियानो सुरात लावले. तो किरकिरा आवाज मला जेवताना दाताखाली खडा आल्यासारखा व्हायचा."

वकीलबाईने डोळे पुसले. "म्हणजे खरंच आवाज होता?"

"मग मी काय सांगत होतो?"

"मला वाटलं, तुम्ही एकटे आहात. बोलायला कोणी नाही म्हणून..."

"एकटा? मी?" त्यांना हसू आवरेना. "बहीण राहते माझ्याकडे, भाचा राहतो, संध्याकाळी शिकायला पोरं येतात. मला निवांत एकटं बसायला मिळतं ते या लिफ्टमध्ये! तुम्ही गुडघ्याचं विचारायचात, म्हणून सांगायचो. म्हटलं, बिचारी बाई एकटी दिसते, हिला कोणीतरी बोलायला हवं असेल."

लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, बंद झालं. दोघंही बाहेर पडले नाहीत. ती हसायला लागली, पण हसता हसता तिला कोरा उतारा आठवला आणि हसू तोंडातच राहिलं.

"काल मात्र तुमचा आवाज उतरलेला होता," ते एकदम म्हणाले. "'तक्रार नाही ना,' असं तुम्ही कधी बोलत नाही. आभार मानायला फोन केला होता, ते राहूनच गेलं. बहिणीला म्हटलं, हिला झालंय काय? सकाळी तुमच्या ऑफिसला फोन लावला, तर ती दुसरी मुलगी म्हणाली, परीक्षेला गेल्यात. मग जिवात जीव आला." त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "पण परीक्षा एवढ्यात संपली?"

"संपली," वकीलबाई म्हणाली.

घरी तिने सगळं सांगितलं तेव्हा मुलगी जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई परीक्षा टाकून लिफ्टमध्ये फिरायला गेली होती, हे तिला पचतच नव्हतं. ती रडलीही. वकीलबाईला आपल्यापेक्षा तिचंच जास्त वाईट वाटलं. त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. कपाटं आवरली, परत विस्कटली, परत आवरली. भांडी घासताना आता वडिलांना उत्तरं देणंही बंद झालं होतं.

निकाल लागला त्या संध्याकाळी मुलीने यादी खालून वाचायला घेतली, आशा नव्हती म्हणून. आणि खालून तिसरा आईचाच क्रमांक निघाला. तिने तो दोनदा ताडून पाहिला. मग किंचाळली. नवरा मागच्या खोलीतून गुलाबी मेणाचे हात घेऊन पळत आला. वकीलबाई खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली.

मुलगी आकडेमोडीत पक्की. तिने प्रश्नपत्रिका आणि उत्तरांची यादी समोर घेतली. "सोडवलेले तीन उतारे सगळे बरोबर आहेत. सगळे! आता चौथा सोडवला असतास तर वरच गेली असतीस. चल, सांग बघू." आणि तिने घंटेचा उतारा अखेरपर्यंत वाचून दाखवला. घंटेला चीर गेली होती, म्हणून ती दुरुस्तीला पाठवली होती. म्हाताऱ्याला सुट्टी मिळाली होती आणि तो गुणगुणत बहिणीच्या गावी गेला होता. एवढंच.

"प्रश्न, त्या दिवशी म्हाताऱ्याची मनःस्थिती कशी होती? आनंदी, खिन्न, भयभीत, की संतप्त?"

"खिन्न," वकीलबाई म्हणाली.

"तो गुणगुणत गेला, आई!"

"माणूस उगाच गुणगुणतो का? आतून पोखरलेला असला, की गुणगुणतो. आणि घंटेची चीर काय एका दिवसात पडते? ती त्यानेच पाडली असणार."

पुढचे प्रश्नही तिने तशाच ठसक्यात सोडवले. मुलीने प्रत्येकापुढे फुली मारली, कापले जाणारे गुण वजा केले आणि पेन्सिल खाली ठेवली. हे सगळं लिहून आली असती तर बाई यादीबाहेर गेली असती. शेवटच्या नावाच्याही खाली, बरोबर बाहेर.

"तुझ्या आठव्या मजल्याच्या आजोबांना केक घेऊन जा," मुलगी म्हणाली. "मोठा."

नवरा दारात उभा होता. "चहा करू का?" त्याने विचारलं. वकीलबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मग म्हणाली, "करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रार विभागात फोन वाजला. पेल्यातली पेनं वाजतच होती.

"आवाज परत सुरू झाला की काय?" तिने विचारलं.

"छे, छे. लिफ्ट उत्तम आहे," आठवा मजला म्हणाला. "सहज फोन केला."

सहज! वकीलबाई उभी राहिली. वायर पुरेल तेवढी चालली. जिभेवर प्रश्नांची रांग लागली होती, बहीण बरी आहे ना, भाचा नीट वागतो ना, रात्री झोप लागली ना. पलीकडून काही घाई नव्हती. ती परत येऊन बसली.

"बरं," ती म्हणाली. "मग सहजच बोला."

शेजारच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजायला लागला होता. तिने शेजारणीला खुणेनेच सांगितलं, तू घे.